आहारतज्ज्ञांचे पदव्युत्तर शिक्षण (भारत)

आहारशास्त्र, उपयोजित पोषण किंवा अन्न व पोषण या विषयांत पदवीनंतर घेतल्या जाणाऱ्या आणि रुग्णांना व निरोगी व्यक्तींना शास्त्रीय आधारावर आहारविषयक सल्ला देण्यास पात्र करणाऱ्या शिक्षणाला आहारतज्ज्ञांचे पदव्युत्तर शिक्षण म्हणतात. भारतात हे शिक्षण प्रामुख्याने दोन वर्षांची एम.एस्सी. पदवी किंवा सुमारे एक वर्षाची पदव्युत्तर पदविका या स्वरूपात उपलब्ध आहे. त्यानंतर रुग्णालयातील आंतरवासिता पूर्ण करून भारतीय आहारशास्त्र संघटनेची (इंडियन डायटेटिक असोसिएशन) परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ही मान्यता मिळते.

ही नोंदणी प्रदीर्घ काळ ऐच्छिक होती. ‘आहारतज्ज्ञ’ किंवा ‘न्यूट्रिशनिस्ट’ ही बिरुदे लावण्यावर २०२१ पर्यंत देशपातळीवरील कोणताही कायदेशीर निर्बंध नव्हता. त्यामुळे काही आठवड्यांचे प्रमाणपत्र घेतलेली व्यक्ती आणि पाच-सहा वर्षे विद्यापीठात व रुग्णालयात शिकलेली व्यक्ती सामान्य माणसाला एकाच नावाने भेटत असे. या दोघांतील फरक पुस्तकी माहितीत फारसा नसतो, कारण ती आता सर्वत्र उपलब्ध आहे. एका विशिष्ट आजाराच्या, विशिष्ट वजनाच्या आणि विशिष्ट घरात जेवणाऱ्या माणसासाठी त्या माहितीचे ताटात रूपांतर करणे, आणि त्याचे परिणाम अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली तपासणे, हा पदव्युत्तर प्रशिक्षणाचा गाभा आहे.

संज्ञा

मराठीत ‘आहारतज्ज्ञ’ आणि ‘पोषणतज्ज्ञ’ हे शब्द बहुधा समानार्थी वापरले जातात. व्यवसायात मात्र त्यांत भेद केला जातो. आहारतज्ज्ञ हा मुख्यतः आजारी व्यक्तीच्या आहाराचे नियोजन करतो व त्याचे कार्यक्षेत्र रुग्णालय, दवाखाना किंवा रुग्णालयाचे स्वयंपाकघर असते. पोषणतज्ज्ञाचे काम समूहाच्या पातळीवर चालते. त्यात सार्वजनिक आरोग्य, शालेय आहार, क्रीडापोषण, अन्नउद्योग व संशोधन यांचा समावेश होतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीतही हा भेद राखला असून ‘पोषणविज्ञान व्यावसायिक’ या वर्गात दोन्ही संज्ञा स्वतंत्रपणे दिल्या आहेत. ‘डाएटिशियन’ हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की रुग्णालयांच्या पाट्यांवरही तोच देवनागरीत लिहिलेला आढळतो.

पार्श्वभूमी

भारतातील पोषणसंशोधनाची सुरुवात तमिळनाडूतील कुन्नूर येथे झाली. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये तेथील पाश्चर संस्थेत बेरीबेरी या रोगावरील संशोधन सुरू केले. त्यातूनच पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा आकारास आली. वॉलेस एक्रॉइड यांच्या कार्यकाळात, १९३७ मध्ये, भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये देणारी पुस्तिका प्रथम प्रसिद्ध झाली. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. पहिल्या भारतीय महिला वैज्ञानिकांपैकी एक असलेल्या कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्यानंतर काही काळ कुन्नूरच्या प्रयोगशाळेत काम केले. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे अध्यापन करताना त्यांनी नीरा व कडधान्ये यांसारख्या सामान्य लोकांच्या अन्नाच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला.

संशोधनाचा हा प्रवाह वैद्यकाशी व जीवरसायनशास्त्राशी जोडलेला होता. शिक्षणाचा प्रवाह मात्र गृहविज्ञानातून आला. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ मध्ये स्थापन झाले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हंसा मेहता कुलगुरू असताना १९५० मध्ये गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आणि निर्मला निकेतनचे गृहविज्ञान महाविद्यालय, नागपुरात एल.ए.डी. महाविद्यालय, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे गृहविज्ञान (आताचे सामुदायिक विज्ञान) महाविद्यालय आणि पणजीचे गोवा गृहविज्ञान महाविद्यालय यांनी पश्चिम भारतात हा वारसा चालविला. या व्यवसायात आजही स्त्रियांचे प्रमाण फार मोठे असण्याचे कारण या इतिहासात आहे. गृहविज्ञान म्हणजे सुगृहिणी घडविण्याचे शिक्षण हा समजही त्यातूनच रूढ झाला आणि रुग्णालयाच्या उतरंडीत आहारतज्ज्ञाला त्याची किंमत दीर्घकाळ मोजावी लागली.

भारतीय आहारशास्त्र संघटना १९६३ मध्ये स्थापन झाली. कुपोषणावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. सी. गोपालन हे तिचे संस्थापक अध्यक्ष होते. दरवर्षी १० जानेवारी हा दिवस संघटनेतर्फे आहारशास्त्र दिन म्हणून पाळला जातो.

प्रवेश व अभ्यासक्रम

पदव्युत्तर प्रवेशासाठी सामान्यतः गृहविज्ञान, अन्न व पोषण किंवा आहारशास्त्र या विषयांतील पदवी लागते. अनेक विद्यापीठे जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, परिचर्या व अन्नतंत्रज्ञान या शाखांतील पदवीधरांनाही प्रवेश देतात. मात्र अशा विद्यार्थ्यांना अन्नविज्ञान व पाकक्रियेचा पाया स्वतंत्रपणे भरून काढावा लागतो, तर गृहविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र जड जाते. मुंबईत दादर येथील हॉटेल व्यवस्थापन, खाद्यपेय तंत्रज्ञान व उपयोजित पोषण संस्थेत आहारशास्त्र व रुग्णालयीन अन्नसेवा या विषयाची पदव्युत्तर पदविका शिकविली जाते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आणि कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था येथील उपयोजित पोषणाच्या अभ्यासक्रमांचा भर रुग्णालयापेक्षा समाजाच्या आरोग्यावर असतो.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात प्रगत शरीरक्रियाशास्त्र, पोषक द्रव्यांचा चयापचय, अन्नाचे सूक्ष्मजीवशास्त्र, संशोधनपद्धती व संख्याशास्त्र हे विषय असतात. दुसऱ्या वर्षी वैद्यकीय पोषणोपचार, अतिदक्षता विभागातील पोषण, बालपोषण, अन्नसेवा व्यवस्थापन आणि प्रबंध यांवर भर असतो. तपशील विद्यापीठागणिक बदलतो. मधुमेह, मूत्रपिंडविकार, यकृतविकार, कर्करोग, भाजलेले रुग्ण आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा व नंतरचा आहार हे घटक मात्र सर्वत्र असतात.

संदर्भ म्हणून तीन भारतीय प्रकाशने विद्यार्थ्यांच्या सतत हाताशी असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ५२८ अन्नपदार्थांचे विश्लेषण आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या अहवालात पोषक द्रव्यांच्या शिफारशी दिल्या आहेत. त्यानुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषास दररोज सुमारे २,११० किलोकॅलरी, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीस १,६६० किलोकॅलरी ऊर्जा लागते. तिसरे प्रकाशन म्हणजे २०२४ मध्ये सुधारित झालेली भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे. परदेशी पाठ्यपुस्तकांतील आकडे जसेच्या तसे वापरता येत नाहीत, हे विद्यार्थ्याला लवकरच उमगते. उदाहरणार्थ, शरीराचा वस्तुमान निर्देशांक २५ पर्यंत असणे जागतिक मापदंडानुसार सामान्य मानले जाते. भारतीयांत मात्र पोटाभोवतीच्या चरबीचे प्रमाण व मधुमेहाचा धोका लक्षात घेऊन २३ पासून वजन अधिक आणि २५ पासून स्थूलता धरली जाते.

आहाराची नोंद व मूल्यमापन

कोणत्याही आहारयोजनेपूर्वी व्यक्ती प्रत्यक्षात काय खाते हे कळावे लागते. त्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे मागील २४ तासांत खाल्लेल्या पदार्थांची आठवण विचारून केलेली नोंद. पद्धत सोपी वाटते, परंतु तिच्यात चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. ‘एक वाटी आमटी’ या उत्तरात वाटीचे माप कळत नाही, आमटीतील डाळीचे प्रमाणही कळत नाही. म्हणून विद्यार्थी मोजलेल्या वाट्या, पळ्या व चमचे जवळ बाळगतात आणि शिजलेल्या पदार्थावरून कच्च्या शिध्याचे वजन काढण्यास शिकतात. तांदूळ शिजल्यावर साधारण अडीच ते तीन पट भरतो. भाकरीच्या पिठाचे वजन घरागणिक बदलते.

न सांगितलेले पदार्थ हा दुसरा अडथळा. चहा हे अन्न आहे असे बहुतेकांना वाटतच नाही. दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम, साखर घातलेला चहा दिवसातून पाच वेळा घेतला तर केवळ साखरेतून २०० किलोकॅलरी जातात, आणि त्या नोंदीत येत नाहीत. उपवासाच्या दिवसाचा आहार नेहमीच्या दिवसाहून सर्वस्वी वेगळा असतो, त्यामुळे आठवड्यातील कोणत्या दिवसाची नोंद घेतली हेही महत्त्वाचे ठरते. विचारण्याचा सूर चुकला तर माणूस खाल्लेले सांगण्याऐवजी खायला हवे होते ते सांगतो. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. अध्यापकासमोर केलेल्या मुलाखतींतूनच ते अंगवळणी पडते.

आहाराच्या नोंदीबरोबर उंची, वजन, दंडाचा घेर, रक्ततपासण्या व आजाराचा इतिहास पाहिला जातो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची उंची गुडघ्याच्या उंचीवरून किंवा हाताच्या हाडाच्या लांबीवरून काढतात. या क्षेत्रातील काही जुन्या समजुतीही बदलल्या आहेत. रक्तातील अल्ब्युमिन हे पोषणस्थितीचे दर्शक असल्याचे पूर्वी सर्रास शिकविले जाई. ते मुख्यतः शरीरातील दाह दर्शविते, हे आता मान्य झाले आहे.

आहारयोजना: एक उदाहरण

पदव्युत्तर प्रशिक्षणाचे स्वरूप मूत्रपिंडविकाराच्या उदाहरणातून स्पष्ट होते. ६० किलो वजनाच्या, दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या परंतु डायलिसिसवर नसलेल्या रुग्णाला प्रथिने मर्यादित ठेवावी लागतात. किलोमागे ०.६ ग्रॅम हे प्रमाण धरल्यास दिवसाची मर्यादा ३६ ग्रॅम होते. ऊर्जा मात्र कमी करून चालत नाही. किलोमागे ३० किलोकॅलरी या हिशेबाने १,८०० किलोकॅलरी मिळाल्या नाहीत, तर शरीर स्वतःचे स्नायू वापरू लागते आणि प्रथिने कमी करण्याचा हेतूच फसतो.

हा हिशेब अन्नगटांच्या परिमाणांनी केला जातो. ३० ग्रॅम कच्च्या धान्यातून सुमारे १०० किलोकॅलरी व ३ ग्रॅम प्रथिने, ३० ग्रॅम डाळीतून १०० किलोकॅलरी व ६ ग्रॅम प्रथिने, तर १०० मिलिलिटर दुधातून ७० किलोकॅलरी व ३ ग्रॅम प्रथिने मिळतात. या रुग्णाला दिवसभरात १८० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ३०० मिलिलिटर दूध दिले की ३३ ग्रॅम प्रथिने होतात आणि उरलेली ३ ग्रॅम भाज्यांतून येतात. प्रथिनांचा कोटा येथे संपला. ऊर्जा मात्र हजार किलोकॅलरीपर्यंतही पोहोचलेली नाही. उरलेल्या आठशेहून अधिक किलोकॅलरी प्रथिनविरहित पदार्थांतून, म्हणजे तेल, तूप, साखर, आरारूट व साबुदाणा यांतून भरून काढाव्या लागतात. मधुमेहाच्या तासाला टाळावयाच्या पदार्थांत गणला गेलेला साबुदाणा येथे उपयोगी ठरतो, कारण त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. शेंगदाण्याचे कूट घातलेली खिचडी मात्र या हिशेबात बसत नाही.

खरी अडचण पुढे आहे. भारतातील अनेक मूत्रपिंडरुग्णांना मधुमेहही असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. अशा रुग्णाच्या बाबतीत साखर व साबुदाण्याचा मार्ग बंद होतो आणि दोन आजारांच्या नियमांतून वाट काढावी लागते. पोटॅशियम वाढलेले असल्यास पालेभाज्या व बटाटे चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून देण्यास सांगितले जाते. रस्सा वाया घालवू नये अशा संस्कारात वाढलेल्या घरात हा सल्ला पटवून द्यावा लागतो. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची महाराष्ट्रात व गोव्यात रीत आहे. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णासाठी मात्र ते धोकादायक असते. रक्तदाबासाठी ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठातही सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. पोटॅशियमची पातळी फार वाढल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवू शकतो.

पुढे हाच रुग्ण डायलिसिसवर गेला की नियम उलटतो. डायलिसिसमध्ये प्रथिनांचा ऱ्हास होत असल्याने किलोमागे १.० ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने द्यावी लागतात. महिनोन्‌महिने डाळ, अंडी व मासे कमी करण्याची सवय लावून घेतलेल्या कुटुंबाला तेच पदार्थ पुन्हा सुरू करण्यास सांगावे लागते. जुना छापील आहारतक्ता घरात तसाच पाळला गेल्याने रुग्ण कुपोषित होण्याचा धोका येथे असतो. संगणकावरून किंवा समाजमाध्यमांवरून मिळणारे तयार तक्ते अशा ठिकाणी निरुपयोगी ठरतात, कारण आजाराचा टप्पा त्यांना ठाऊक नसतो.

रुग्णालयातील आंतरवासिता

आंतरवासिता सामान्यतः सहा महिन्यांची असून ती विविध विभाग असलेल्या रुग्णालयात, नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावी लागते. आंतरवासी आळीपाळीने मधुमेह, मूत्रपिंड, हृदय, कर्करोग, बालरोग, शस्त्रक्रिया व अतिदक्षता या विभागांत काम करतात. नव्याने दाखल झालेल्या रुग्णाची पोषणविषयक प्राथमिक तपासणी करणे, डॉक्टरांच्या फेरीला उपस्थित राहणे, आहाराचा आदेश स्वयंपाकघरापर्यंत पोहोचविणे, रुग्णाने ताटात किती टाकले हे पाहणे आणि केसपेपरवर त्याची नोंद करणे ही त्यांची रोजची कामे असतात.

नळीवाटे दिला जाणारा आहार हा आंतरवासितेतील कसोटीचा भाग असतो. मिश्रणाची घनता, दर तासाला किती मिलिलिटर द्यायचे, जुलाब किंवा पोटफुगी झाल्यास काय बदलायचे आणि स्वयंपाकघरात तयार केलेल्या मिश्रणात जंतुसंसर्ग कसा टाळायचा, हे सर्व येथे शिकावे लागते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम पूर्ण आहार सुरू केल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने उतरून रुग्ण दगावू शकतो. पुनर्पोषण विकार म्हणून ओळखली जाणारी ही गुंतागुंत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांत प्रकर्षाने दिसली होती. भुकेल्याला पोटभर वाढावे ही माणसाची स्वाभाविक प्रेरणा आहे. आंतरवासीला मात्र अशा रुग्णाला थोडेथोडे व मोजून वाढण्यास शिकावे लागते.

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पाळी अनेकांना अनपेक्षित वाटते. शिध्याची मागणी, साठवण, धान्य निवडणे, शिजलेल्या अन्नाचे तापमान, ताटे लावण्याचा क्रम, आचारी व वाढप्यांचे वेळापत्रक या सर्वांची जबाबदारी आहारविभागावर असते. अळणी जेवण, मऊ जेवण, पातळ आहार, मधुमेही आहार अशी वेगवेगळी ताटे एकाच वेळी निघतात. चुकीच्या खाटेवर गेलेले ताट हे येथे औषधाच्या चुकीइतकेच गंभीर मानले जाते. वर्षानुवर्षे काम करणारे आचारी नवख्या आंतरवासींची परीक्षा घेतात, असे या क्षेत्रात गमतीने म्हटले जाते. पाच किलो डाळीच्या आमटीला मीठ किती लागते हे ठाऊक नसलेल्याची सूचना तेथे सहसा ऐकली जात नाही.

बहुतेक आंतरवासितांना विद्यावेतन नसते किंवा ते नाममात्र असते. मोठी रुग्णालये शहरांत एकवटलेली असल्याने ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना राहण्याचा खर्चही सोसावा लागतो. एम.एस्सी. पूर्ण करूनही नोंदणीपर्यंत न पोहोचणाऱ्यांच्या बाबतीत हा अडसर दुर्लक्षिण्याजोगा नाही.

सामुदायिक पोषण

आहारशास्त्राची दुसरी बाजू कुपोषणाशी निगडित आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची वाढ खुंटलेली, तर १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ पासून आणि पोषण अभियान २०१८ पासून राबविले जात आहे. विद्यार्थी अंगणवाड्यांत वजन-उंचीची नोंद, पूरक आहाराचे मूल्यमापन व मातांशी संवाद यांचा सराव करतात.

तीव्र कुपोषित बालकांसाठीच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत या प्रशिक्षणाचा थेट उपयोग होतो. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे, उंचीच्या मानाने वजन प्रमाणित सरासरीच्या उणे तीन प्रमाण विचलनांखाली असणे किंवा दोन्ही पायांवर सूज असणे हे तीव्र कुपोषणाचे निकष आहेत. अशा बालकाला सुरुवातीला १०० मिलिलिटरमध्ये केवळ ७५ किलोकॅलरी असलेले दूधमिश्रण थोडेथोडे, रात्रीसुद्धा, दिले जाते. प्रकृती स्थिरावल्यावरच १०० किलोकॅलरीच्या मिश्रणाकडे वळतात. मेळघाट व पालघरसारख्या आदिवासी भागांत बालकाला केंद्रात ठेवायचे म्हणजे आईची मजुरी बुडते आणि घरची इतर मुले मागे राहतात. आहारयोजना कितीही अचूक असली तरी या कारणामुळे बालक अर्ध्यातून घरी नेले जाते. म्हणून सामुदायिक पोषणाच्या अभ्यासक्रमात अर्थव्यवस्था, स्थलांतर व अन्नसुरक्षा यांचाही विचार होतो.

समूहाच्या आहारमापनातील वाद समजून घेणे हाही या अभ्यासाचा भाग आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी भारतीयांच्या आहारातील मुख्य तूट प्रथिनांची नसून एकूण अन्नाची, म्हणजे ऊर्जेची, असल्याचे प्रतिपादन केले होते. व्यक्तीची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते व शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, या त्यांच्या मतावर गोपालन यांनी कठोर टीका केली. लहान चणीच्या शरीराला ‘जुळवून घेतलेले’ म्हणणे म्हणजे उपासमारीला मान्यता देणे होय, असा त्या टीकेचा रोख होता. कुपोषितांची संख्या किती, हा प्रश्न निकष कोणता धरला यावर अवलंबून असतो, हे या वादातून विद्यार्थ्यांपुढे येते.

नोंदणी व कायदा

नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्यासाठी भारतीय आहारशास्त्र संघटनेची लेखी परीक्षा द्यावी लागते. तीत शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषणविज्ञान, रुग्णपोषण व अन्नसेवा व्यवस्थापन यांवर प्रश्न असतात. नोंदणीचे ठरावीक काळाने नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी व्याख्याने, परिषदा इत्यादींतून ज्ञान अद्ययावत ठेवल्याचे दाखवावे लागते.

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमास २८ मार्च २०२१ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने दहा वर्गांतील आरोग्य व्यवसायांचे शिक्षण व नोंदणी एका केंद्रीय आयोगाच्या व राज्य परिषदांच्या कक्षेत आणली. त्यांपैकी पोषणविज्ञान हा एक वर्ग आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण ही अट त्यात घालण्यात आली असून नोंदणी नसताना नोंदणीकृत असल्याचा खोटा दावा करणे दंडनीय ठरविले आहे. पोषण व आहारशास्त्राचा प्रमाणित अभ्यासक्रम २०२५ मध्ये जाहीर झाला. संघटनेची परंपरा पदव्युत्तर शिक्षणावर उभी आहे, तर कायद्याचा किमान निकष पदवीच्या पातळीवरचा आहे. या दोहोंची सांगड कशी घातली जाते, यावर पुढील काळात एम.एस्सी.चे स्थान अवलंबून राहील.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै–ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून या कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली. त्यांत अन्न व पोषणविज्ञान तसेच रुग्णपोषण व आहारशास्त्र यांचा समावेश आहे. यापूर्वी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा आहारशास्त्र व अन्नसेवा व्यवस्थापनातील एम.एस्सी. अभ्यासक्रम नोकरी किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्या अनेकांचा आधार होता. रुग्णाच्या खाटेजवळचे शिक्षण पत्राद्वारे होऊ शकत नाही हा मनाईमागील युक्तिवाद रास्त आहे. परंतु ज्या जिल्ह्यांत या विषयाचे एकही पदव्युत्तर महाविद्यालय नाही, तेथील विद्यार्थिनींपुढचा एक मार्ग त्यामुळे बंद झाला.

अन्य देशांतील स्थिती

अमेरिकेत आहारतज्ज्ञांची संघटना १९१७ मध्ये स्थापन झाली. १ जानेवारी २०२४ पासून तेथे नोंदणी परीक्षेस बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी अनिवार्य करण्यात आली असून किमान १,००० तासांचा पर्यवेक्षित सरावही आवश्यक असतो. युनायटेड किंग्डममध्ये ‘डाएटिशियन’ हे बिरुद कायद्याने संरक्षित आहे व त्यासाठी आरोग्य व्यावसायिकांच्या परिषदेकडे नोंदणी लागते. ‘न्यूट्रिशनिस्ट’ या बिरुदाला तेथे तसे संरक्षण नाही. भारतीय पदवी किंवा नोंदणी या देशांत आपोआप ग्राह्य धरली जात नाही. स्थलांतरित आहारतज्ज्ञांना पदवीचे मूल्यांकन करून घेऊन तेथील अटी नव्याने पूर्ण कराव्या लागतात.

व्यवसायाच्या संधी

रुग्णालयांच्या गुणवत्ता मानांकनात पोषणविषयक तपासणीला स्थान मिळाल्यापासून खासगी रुग्णालयांतील आहारतज्ज्ञांची पदे वाढली आहेत. शासकीय रुग्णालयांत मात्र खाटांच्या तुलनेत ती मोजकीच असतात. याशिवाय क्रीडासंस्था, अन्नउद्योग, स्वयंसेवी संस्था व स्वतंत्र सल्लाकेंद्रे येथे काम मिळते. अध्यापनासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा गृहविज्ञान या विषयातून देता येते. अन्न व पोषण हा त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमाचा एक भाग आहे.